अवघडपणा कुणाच्या माथी?

लष्करी कार्यशाळेत आर्मरर म्हणून पिस्तुलं उघडण्यात, पुसण्यात आणि जोडण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला शस्त्राकडे बघायची एक वेगळी सवय लागते. इतर लोक गोळी किती मोठी आणि नेम किती लांबचा ते विचारतात. तो आधी बघतो, हे उघडतं कसं आणि परत बसतं कसं. बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव फौजी भेटतात, त्यांच्या गप्पांत शस्त्रंही येतात, पण ही बाजू सहसा निघत नाही. माझ्या कामाने मला जे शिकवलं ते एका वाक्यात सांगता येईल : पिस्तुलातला अवघडपणा कधी नाहीसा होत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्लाइड मागे जायची असते, रिकामं काडतूस बाहेर पडायचं असतं, पुढचं वर चढायचं असतं आणि बॅरल पुन्हा जागेवर बंद व्हायची असते. त्यासाठी जेवढी गुंतागुंत लागते तेवढी लागतेच. रचनाकाराच्या हातात एवढंच असतं की ती कुणाच्या माथी मारायची : कारखान्याच्या, आर्मररच्या की शिपायाच्या. ज्या पिस्तुलाने ती जास्तीत जास्त कारखान्यावर टाकली आणि शिपायाच्या हातात कमीत कमी ठेवली, ते लष्करासाठी साधं. साधेपणाची दुसरी कुठलीही व्याख्या माझ्या टेबलावर टिकली नाही.

सर्वांत लोकप्रिय व्याख्या म्हणजे कमी भाग. ती ऐकायला पटते आणि तपासली की कोसळते. सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याच्या वाचकांना नव्या नाहीत. भाग मोजायचे तर गावठी कट्ट्याइतकं साधं शस्त्र नाही. पण त्याचा एक भाग दुसऱ्या कट्ट्याला बसत नाही, पोलाद कसलं आहे ते कुणी तपासलेलं नसतं, आणि तो चालवणाऱ्याच्या हातात कधी फुटेल याची खात्री नाही. अधिकृत कारखान्यातलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेने १९४२ साली बनवलेलं लिबरेटर पिस्तूल घ्या. जेमतेम २३ भाग, किंमत दोन डॉलरच्या आसपास, आणि काही महिन्यांत सुमारे दहा लाख नग. त्यात एका वेळी एकच गोळी बसे आणि रिकामं काडतूस लाकडी काडीने ढकलून काढावं लागे. म्हणजे यंत्राने करायचं काम रचनाकाराने माणसाच्या हातावर ढकललं होतं, तेही शत्रू समोर असताना. उलट टोकाला जर्मनीचं १८९६चं माउझर. त्यात मुठीच्या स्क्रूखेरीज स्क्रू नाही, सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात. कारागिरी म्हणून ते अप्रतिम आहे. पण त्याचा लॉक मोकळा केला तर कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर हे ज्याला पाठ नाही, त्याच्यासमोर कोडं पडतं. स्क्रू गेले आणि त्यांची जागा स्मरणशक्तीने घेतली. थंडीने बोटं बधिर झालेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर सैन्य चालत नाही.

जॉन ब्राउनिंग या रचनाकाराच्या १९११च्या पिस्तुलात ही विभागणी पहिल्यांदा नीट झालेली दिसते. अमेरिकी सैन्याने ते स्वीकारण्याआधी एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवून गार करायचं आणि पुढे चालू. त्यात ते एकदाही अडलं नाही, तर प्रतिस्पर्धी सॅव्हेजच्या पिस्तुलात ३७ अडथळे आले, अशी नोंद आहे. लोक ही गोष्ट टिकाऊपणाची म्हणून सांगतात. मला त्यापुढची गोष्ट मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने बनवलं, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने बनवलं, आणि शिलाई मशीनच्या सिंगरने ५०० नगांची छोटी खेप करून दाखवली. हे शक्य झालं कारण प्रत्येक भागाचं माप, त्यात चालणारा फरक आणि तपासायचे गेज आधीच ठरलेले होते. जर्मनीच्या लुगरवर नजर टाकली की फरक कळतो. लुगरच्या लहान लहान भागांवरही पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरलेले असत, कारण ते भाग त्याच पिस्तुलाला हाताने जुळवलेले असत. चार लुगर एका सतरंजीवर उघडून भागांची सरमिसळ झाली, तर आधी क्रमांक जुळवत बसा. भाग बदलता येणं ही कारखान्याची सोय वाटते, पण तिचा खरा लाभार्थी सीमेवरच्या ठाण्यातला आर्मरर असतो. त्याच्याकडे कानस घेऊन बसायला वेळ नसतो, आणि दोन निकामी पिस्तुलांमधून एक चालू पिस्तूल उभं करणं हे त्याचं नेहमीचं काम असतं.

आपल्या फौजेतलं नेहमीचं पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ९ मिमी १ए. त्याचं मूळ बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून १९३५ साली आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये आहे. ब्राउनिंग १९२६ साली वारला आणि काम दियूदोने सेव्ह याने पुरं केलं. युद्धकाळात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं आणि आपलं पिस्तूल त्याच नमुन्याचं. १९११च्या पिस्तुलात बॅरलच्या तोंडाशी एक वेगळं बुशिंग असतं. ते फिरवलं की खालच्या स्प्रिंगची टोपी जोराने बाहेर येते, अंगठा सुटला तर ती उडते आणि गवतात गेली की गेलीच. बॅरलच्या खाली हलती कडी असते, तिला एक पिन. हाय-पॉवरमध्ये बुशिंग स्लाइडचाच भाग झालं, आणि कडीच्या जागी बॅरलच्याच पोलादात कोरलेली तिरकी खाच आली. कारखान्याचं काम वाढलं, शिपायाचं घटलं. मॅगझीन काढा, चेंबर रिकामी आहे ते डोळ्याने बघा, स्लाइड मागे ओढून सेफ्टीच्या खाचेत अडकवा, उजवीकडून दाबून स्लाइड स्टॉप काढा, स्लाइड पुढून उतरवा, मग स्प्रिंग आणि बॅरल. नवा जवान हे दोन-चार वेळा करून शिकतो आणि पुढे डोळ्यांवर पट्टी बांधूनही करतो. यात त्याची हुशारी थोडी आणि रचनेची जास्त असते, कारण हाताला येणारे भाग मोजके, मोठे आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या आकाराचे असतात.

आर्मररच्या टेबलावर जे येतं त्यावरून ही विभागणी किती साधली ते कळतं. शस्त्र तुटून येण्यापेक्षा चुकीचं जोडलं जाऊन, कोरडं पडून किंवा तेलात न्हाऊन येण्याचं प्रमाण जास्त. ज्याला फक्त वरवरची खोलजोड, म्हणजे उघडून परत जोडणं, शिकवलेली आहे असा एखादा उत्साही जवान पुढे जाऊन ग्रिप काढतो, पिन ठोकतो, आणि मग एका पिशवीत पिस्तूल आणि दुसऱ्या पिशवीत त्याचे तुकडे घेऊन कार्यशाळेत उभा राहतो. त्याला रागावणं सोपं आहे. पण रचनाकाराने जो उंबरठा ठळक ठेवायला हवा होता तो अंधुक राहिला, असाही त्याचा अर्थ निघतो. शिपायाने कुठपर्यंत उघडायचं आणि आर्मररने कुठून पुढे, ही रेघ पुस्तकात असून भागत नाही, ती पोलादात असावी लागते. रशियाच्या टोकारेव्ह पिस्तुलात हॅमर आणि त्याचा सगळा लवाजमा एकाच गठ्ठ्यात बसवलेला आहे. स्लाइड उतरली की तो गठ्ठा हाताने उचलून येतो, धुऊन पुसून परत बसतो, आणि आतल्या नाजूक भागांना हात लावायचं कारणच उरत नाही. अवघड भाग एकत्र बांधून त्यांना एकच दार ठेवणं हा साधेपणाचा मला दिसलेला सर्वांत शहाणा प्रकार.

दुसरा धडा मॅगझीनचा. पिस्तूल अडलं की लोक पिस्तुलाला दोष देतात, आणि तपासताना बहुतेक वेळा मॅगझीनचे ओठ वाकलेले, स्प्रिंग थकलेली किंवा आत कचरा निघतो. पत्र्याचा हा डबा सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी साफ होणारा भाग असतो. टोकारेव्हमध्ये काडतुसाला वाट दाखवणारे ओठ पिस्तुलाच्या अंगातच कोरले, ते याच अनुभवातून. अमेरिकी फौजेने १९८५ साली घेतलेलं बेरेटाचं एम-९ इराकच्या रेतीत अडू लागलं तेव्हा बोट मॅगझीनकडेच गेलं. त्यावर दिलेल्या खरखरीत फॉस्फेटच्या थरात बारीक धूळ धरून राहत होती आणि काडतुसं वर सरकत नव्हती. गंज थांबवायला दिलेला लेपच अडथळा ठरला. आपल्याकडे यासाठी वाळवंट गाठायला नको. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे पावसाळ्यात दमट हवा, आणि घाटाखाली मलकापूर-शेगावकडे वैशाखात काळ्या मातीचा फुफाटा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मीठ लोखंडाचं काय करतं हे सांगावं लागत नाही, आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये घामाचं मीठ बारा महिने असतं. अशा ठिकाणी गंजाच्या भीतीने माणूस तेल ओततो, तेल धूळ ओढतं आणि दोन्हींचा चिखल होतो. धुळीच्या दिवसांत तेलाचा नुसता हात फिरवावा आणि मॅगझीनच्या आत तर तेल जवळपास नसावं, हे शिकवायला मला स्लाइडची सगळी शास्त्रं शिकवण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात, कारण 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' ही समजूत घरून आलेली असते.

यावर शिस्तीचे पुरस्कर्ते म्हणतात की शस्त्र कसंही असो, रोज साफ करणारा शिपाई असला की ते चालतं. लुगर दोन महायुद्धं लढलं, मग ते नाजूक कसं? आक्षेपात तथ्य आहे. देखभालीवाचून कुठलंच पिस्तूल चालत नाही, आणि नीट ठेवलेलं लुगर उत्तम चालतं. पण जर्मन सैन्यानेच १९३८ साली त्याच्या जागी वॉल्थर पी-३८ स्वीकारलं, याला कारण होतं. लुगर महाग होतं, वेळखाऊ होतं आणि त्याचा वर उचलला जाणारा सांधा चिखलाला उघडा होता. जपानच्या १९२५च्या नांबू पिस्तुलाच्या होल्स्टरमध्ये जादा फायरिंग पिनसाठी वेगळी जागा शिवलेली असे. शिस्तीचा हा कळस म्हणावा, आणि रचनेने दिलेली कबुलीही. शिस्त ही सैन्याची मर्यादित पुंजी आहे. ती रोज पिस्तुलाचे लाड करण्यात खर्च झाली तर पहाऱ्यात, रेडिओत, पायांच्या काळजीत तेवढी कमी पडते. शेतकरी फवारणीचा पंप निवडताना बांधावर बसून नोझल साफ होतं का ते बघतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे, त्याला फवारणी उरकायची असते म्हणून. शिपायाची निवड याहून वेगळी का असावी?

दुसरा आक्षेप असा की पिस्तूल हे दुय्यम शस्त्र. अधिकाऱ्याच्या, रणगाड्यातल्या माणसाच्या, लष्करी पोलिसाच्या कमरेला ते असतं आणि क्वचित चालतं, मग एवढा विचार कशाला? माझा अनुभव याच्या नेमका उलटा निष्कर्ष काढतो. रायफल रोज हातात असते, म्हणून तिच्यातला बिघाड रोज दिसतो. पिस्तूल महिनोन् महिने होल्स्टरमध्ये किंवा कोतच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, रॅकवर पडून राहतं, त्याची आठवण तपासणीच्या आदल्या दिवशी होते, आणि ते लागतं तेव्हा रायफल हातातून गेलेली असते. जे शस्त्र दुर्लक्षित राहणार हे आधीच माहीत आहे, त्याची रचना दुर्लक्ष सोसणारी हवी. याच ओघात कुणी रिव्हॉल्वरची बाजू घेतो : ना मॅगझीन, ना स्लाइड, एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढा. वापरणाऱ्यासाठी ते खरंच सोपं. पण सिलिंडरचं प्रत्येक घर बॅरलच्या समोर अचूक येऊन थांबायला हवं, आणि ते थांबवणारे आतले भाग झिजले की शिपाई काहीच करू शकत नाही. ते कार्यशाळेचंच काम. रिव्हॉल्वरने अवघडपणा शिपायावरून काढून आर्मररच्या माथी ठेवला. शहरातल्या पोलीस ठाण्याला हा सौदा परवडतो, दूरच्या चौकीला परवडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : साधेपणाच्या नादात सुरक्षितता जाते. जपानच्या ९४ नमुन्याच्या पिस्तुलात चापाला हॅमरशी जोडणारी पट्टी डाव्या बाजूला उघडी होती, ती बाहेरून दाबली तरी गोळी सुटू शके. ही रचना सुटसुटीत असूनही वाईटच. ऑस्ट्रियाच्या सैन्याने नवं पिस्तूल मागवताना भागांची संख्या ५८च्या वर नको, साफसफाईची खोलजोड हत्यारांशिवाय व्हावी, भाग एका पिस्तुलातून दुसऱ्यात चालावेत, अशा अटी घातल्या. १९८२ साली निवडलेलं ग्लॉक सुमारे ३४ भागांत त्या पार करून गेलं. पण ते उघडण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. चेंबर बघायला विसरलेला माणूस साफसफाईच्या टेबलावर गोळी झाडतो, आणि असे अपघात जगभर झाले आहेत. इथे रचनेने एक धोका माणसाच्या आठवणीवर सोडला, हे मान्य करायलाच हवं. तरी सुरक्षिततेसाठी भाग वाढवले की काम झालं, असंही नाही. आपल्या ९ मिमी पिस्तुलात मॅगझीन काढल्यावर चाप चालू नये अशी व्यवस्था आहे. हेतू चांगला. पण पिस्तूल रिकामं करून हॅमर खाली घ्यायचा तर पुन्हा मॅगझीन घालावं लागतं, आणि रिकाम्याऐवजी भरलेलं मॅगझीन हातात येण्याची शक्यता तिथे निर्माण होते. शिवाय त्या जादा घर्षणाने चाप जड होतो. धोका एका दाराने बाहेर घालवला, तो दुसऱ्याने आत आला. अमेरिकेने २०१७ साली निवडलेल्या सिग सॉअरच्या एम-१७ पिस्तुलात उघडण्यासाठी स्लाइड मागे अडकवावीच लागते आणि चापाला हात लावावा लागत नाही. चेंबर दिसल्यावाचून पुढची पायरीच येत नाही. खोलजोडीपुरतं उत्तर हे असं हवं : सूचनेचा फलक नको, चुकीचा रस्ताच बंद हवा.

ढिलाईने नेम जातो, हा चौथा आक्षेप थोडक्यात संपतो. भागांमध्ये धुळीला जागा ठेवली तर स्लाइड किंचित खडखडते, स्पर्धेतल्या नेमबाजाला ते चालत नाही. पण लष्करी पिस्तूल ज्या अंतरावर चालतं, तिथे त्या खडखडीपेक्षा धपापणाऱ्या माणसाचा हात कितीतरी जास्त हलत असतो. स्पर्धेचं पिस्तूल आणि लढाईचं पिस्तूल एकाच मापाने मोजण्यात मूळ गफलत आहे.

हा विचार जुन्या पोलादापुरता नाही. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर विकसित केलेलं 'अस्मी' हे ९ मिमीचं मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं. ३३ गोळ्यांचं मॅगझीन, वरचं अंग विमानात वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचं, खालचं कार्बन फायबरचं, चापाचे काही भाग धातूच्या थ्री-डी छपाईतून, आणि किंमत ५० हजार रुपयांच्या आत, असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२४ साली सैन्याच्या नॉर्दर्न कमांडसाठी ५५० नगांची मागणी नोंदवली गेली. चार महिन्यांत शस्त्र उभं राहिलं याचं कौतुक झालं आणि ते रास्त आहे. आर्मरर म्हणून माझे प्रश्न त्यानंतरचे. छापलेला भाग झिजला तर त्याचा जोडीदार युनिटच्या पेटीत असेल का, आणि कानस न लावता बसेल का? हलक्या धातूच्या अंगावर पोलादी भाग वर्षानुवर्षं घासले की काय झिजतं, आणि ते उघड्या डोळ्याला दिसतं का? शिपायाने कुठे थांबायचं ती रेघ पिस्तुलातच आहे का? नव्या साहित्याने गुंतागुंत संपत नाही, तिचा पत्ता बदलतो. तो पत्ता कारखान्याचा असेल तर प्रगती झाली असं मी म्हणेन.

म्हणून चाचणीत एक रकाना वाढवावा, असं मला सुचवावंसं वाटतं. किती गोळ्यांत किती अडथळे, हे सगळे मोजतात. त्याच्या शेजारी हेही मोजावं, की प्रशिक्षण संपून वर्ष झालेल्या सर्वसाधारण जवानांना, रात्री, धुळीत, टेबल नसताना ते पिस्तूल उघडून जोडायला दिलं तर किती जणांनी चुकीचं जोडलं, किती भाग हरवले, आणि किती जणांना आर्मरर लागला. निवडक नेमबाजांकडून घेतलेली चाचणी पिस्तुलाची ताकद सांगते. हा रकाना त्याचा स्वभाव सांगेल, आणि लढाईत माणसाची गाठ ताकदीपेक्षा स्वभावाशी जास्त वेळा पडते. हा आकडा जितका लहान, तितकी रचना चांगली. तो मोठा निघाला तर जवानांना आणखी एक वर्ग शिकवण्याआधी नकाशा पुन्हा रचनाकाराच्या टेबलावर पाठवावा.